हिशेब दोघांचा झाला, एकटीचा राहिला

पत्राचा गोषवारा: लंडनजवळ हॅरोमध्ये राहणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ६३, यजमानांचं ६८. लग्नानंतर १९८८ साली त्या पुण्याहून इंग्लंडला आल्या. दोघांकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. त्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, शाळेत शिक्षिका होत्या, यजमान एका कंपनीत इंजिनिअर. मुलगी मँचेस्टरला, मुलगा टोरांटोला. गेल्या मे महिन्यात दोघं स्पेनमध्ये तोर्रेव्हिएहाला यजमानांच्या जुन्या सहकाऱ्याकडे राहून आले. हा सहकारी दहा वर्षांपूर्वी तिथे कायमचा गेला. तेव्हापासून यजमानांनी मनात घेतलंय: हॅरोचं घर विकायचं, समुद्राजवळ दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यायचा, उरलेले पैसे बँकेत ठेवायचे. त्यांनी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे आणि त्यांच्या मते महिन्याला आठशे पौंड वाचतील. त्यांची स्टेट पेन्शन वर्षाला साधारण १२ हजार पौंड, कंपनीची १४ हजार, बाईंची शिक्षक पेन्शन ९ हजार. आयसामध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या करमुक्त बचत खात्यांत, मिळून ९० हजार पौंड. घर दोघांच्या नावावर, किंमत सहा लाखांच्या आसपास. कोथरूडला एक फ्लॅट आहे, तो भाड्याने दिलाय. मुलगी म्हणते, स्वस्तच हवं असेल तर पुण्याला जा. बाई लिहितात, "मला जावंसं वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही. पैशातलं मला फार कळत नाही, ते सगळं हेच बघतात. नाही म्हटलं तर त्यांचं स्वप्न मोडल्यासारखं होईल."

---

नमस्कार,

वर्षानुवर्षं मुलांकडून गणितं सोडवून घेतलेल्या बाईला पैशातलं कळत नाही, हे काही मला पटत नाही. पत्रात तुम्ही आकडे अगदी नीट मांडले आहेत. तो तक्ता मात्र तुम्ही उघडून पाहिलेला नाही, असा माझा अंदाज आहे. तेव्हा पहिलं काम तेच. रविवारी सकाळी चहा घेऊन दोघं शेजारी बसा आणि त्यांना एकेक ओळ समजावून सांगायला लावा. त्यात परीक्षा घेण्याचा सूर नको. त्यांनी मेहनत घेतली आहे, तिचा मान ठेवा.

मग त्याच तक्त्याची एक प्रत काढा आणि तिच्यातून यजमानांची स्टेट पेन्शन पुसून टाका. त्यांच्या कंपनीची पेन्शन अर्धी करा. बहुतेक कंपन्यांच्या योजनांत मागे राहिलेल्या जोडीदाराला अर्धी किंवा थोडी जास्त मिळते. नेमकी किती ते योजनेच्या कागदावर असतं, तो कागद मागवून घ्या. स्टेट पेन्शन मात्र माणसाबरोबर संपते, नव्या पद्धतीत ती सहसा जोडीदाराकडे येत नाही. आता काय उरलं? तुमचे ९ हजार आणि त्यांचे ७ हजार, म्हणजे वर्षाला १६ हजार पौंड. तुमची स्वतःची स्टेट पेन्शन ६७व्या वर्षी सुरू होईल, तिला अजून चार वर्षं आहेत. ती पूर्ण मिळायला ३५ वर्षांचा राष्ट्रीय विमा (नॅशनल इन्शुरन्स) भरलेला लागतो. मुलं लहान असताना घरी होतात त्या वर्षांचं क्रेडिट धरलं गेलंय का, हे सरकारी संकेतस्थळावर दहा मिनिटांत दिसतं. तेही आजच बघून टाका.

हे अशुभ बोलणं वाटेल. पण नवरा-बायको निवृत्तीनंतर परदेशी राहायला जातात तेव्हा कधी ना कधी त्यातला एकजण तिथे एकटा उरतो, आणि वय पाहता ती एकटी तुम्ही असण्याची शक्यता जास्त. 'मला जावंसं वाटत नाही, पण का ते सांगता येत नाही' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्हाला कारण सापडत नाही, कारण तक्त्यात त्याला ओळच नाही. स्पेन स्वस्त आहे की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी हे विचारा की स्पेनमध्ये मी एकटी राहू शकेन का, पैशाने आणि मनाने.

पैशाची बाजू आधी घेऊ, कारण तिथे कायद्याचा एक काटा आहे. ब्रिटनने युरोपीय संघ सोडला आणि ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणकाळ संपला. त्याआधी जे स्पेनमध्ये राहत होते त्यांचे हक्क करारानं शाबूत राहिले. यजमानांचे मित्र त्यातले. ते गेले तेव्हा त्यांना व्हिसा लागला नाही, उत्पन्नाचा मोठा दाखला लागला नाही. शिवाय २०१५च्या उन्हाळ्यात एका पौंडाला १.४० युरोंच्याही वर मिळत होते. २०१६च्या ब्रेक्झिटच्या, म्हणजे संघ सोडण्याच्या, सार्वमतानंतर शरद ऋतूपर्यंत तोच पौंड १.१०च्या आसपास आला आणि नंतर पूर्वीच्या जागी परत गेलाच नाही. मित्राने घर घेतलं ते महाग पौंडाने. त्यांचा अनुभव खरा आहे, फक्त तो तुम्हाला मिळणारा नाही. मित्राच्या गच्चीवर बसून तो फरक दिसत नाही.

तुम्हाला आता 'बिनकमाईचा' निवासी व्हिसा लागेल. स्पेनमध्ये काम करायचं नाही आणि बाहेरचं उत्पन्न पुरेसं आहे हे दाखवायचं, असा त्याचा अर्थ. त्याचं माप 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकावर बसवलेलं आहे, आणि तो सध्या महिना ६०० युरो आहे. मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट, म्हणजे वर्षाला २८,८०० युरो. बरोबरच्या प्रत्येकासाठी आणखी ७,२००. दोघांचे झाले ३६ हजार युरो. तुमचं आजचं उत्पन्न ३५ हजार पौंड, म्हणजे ४० हजार युरोंच्या आसपास. दोघं पास. आता एकटीचं बघा. १६ हजार पौंडांचे साडेअठरा हजार युरो होत नाहीत आणि एकट्या माणसाला दाखवायचे आहेत २८,८००. हा परवाना आधी एक वर्षाचा, मग दोन-दोन वर्षांचा मिळतो. पाच वर्षं झाली की दीर्घकालीन निवास मागता येतो. बँकेतली शिल्लक दाखवूनही उत्पन्नाची अट भागवता येते, त्यामुळे दार बंद होतं असं नाही. पण पहिल्या चार-पाच वर्षांत काही झालं तर दुःखाच्या दिवसांत तुम्ही कागद घेऊन परकीय कचेरीत उभ्या असाल. तुमची पेन्शन सुरू झाली की १६ आणि १२ मिळून २८ हजार पौंड होतात, आणि हा धोका जवळजवळ संपतो. म्हणजे चार वर्षं थांबणं हा रडीचा डाव नाही, त्याला आकड्यांचा आधार आहे. हे वाक्य यजमानांसमोर तसंच्या तसं म्हणून बघा. इंजिनिअर माणसाला पटेल.

आरोग्याचंही तसंच. ब्रिटनची स्टेट पेन्शन घेणारा माणूस युरोपात राहायला गेला तर एस-वन नावाचा फॉर्म मिळतो. त्याच्यावर स्पेनच्या सरकारी आरोग्यसेवेत नाव लागतं आणि खर्च ब्रिटन उचलतं. ब्रेक्झिटनंतरही हे टिकलं, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. यजमानांना तो मिळेल. तुम्ही ६७च्या होईपर्यंत त्यांच्या फॉर्मवर अवलंबित म्हणून असाल. त्यांच्या पश्चात तो आधार तसाच चालेल असं गृहीत धरू नका. व्हिसाच्या वेळी अवलंबित जोडीदारासाठी वेगळा खासगी विमा लागेल का, हे लंडनमधल्या स्पॅनिश वकिलातीला आधी लेखी विचारा. साठीनंतर खासगी विमा महाग पडतो आणि जुन्या दुखण्यांना वगळतो. यजमानांच्या तक्त्यात ही ओळ आहे का?

आता कर. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण ब्रिटनमध्ये करमुक्त असलेलं सगळं जगभर करमुक्त आहे असं आपण नकळत धरून चालतो. आयसा ही ब्रिटिश सवलत आहे, स्पेनला तिचं काही देणंघेणं नाही. त्या ९० हजारांवरचं व्याज किंवा नफा तिथे करपात्र. बचतीच्या उत्पन्नावर १९ टक्क्यांपासून सुरुवात होते. प्रीमियम बाँडचं, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या सोडतीच्या बचतरोख्यांचं, बक्षीससुद्धा करपात्र. ज्या वाचकांनी आपल्या पेन्शनमधला २५ टक्के एकरकमी हिस्सा अजून काढलेला नाही, त्यांनी तो स्पेनचे करदाते होण्याआधी काढायचा की नाही हे सल्लागाराला विचारून ठरवावं. सीमा ओलांडल्यावर ती रक्कमही साधारणपणे करात येते.

तुमच्या पेन्शनींचं वेगवेगळं होईल. दोन देशांमधल्या दुहेरी कर करारानुसार सरकारी सेवेची पेन्शन फक्त ब्रिटनमध्येच करपात्र राहते, आणि कौन्सिलच्या शाळेतल्या शिक्षकाची पेन्शन त्यात बसते. स्पेन ती मोजेल, पण बाकी उत्पन्नाचा दर ठरवण्यापुरती. यजमानांच्या दोन्ही पेन्शनी मात्र स्पेनकडे जातील. आज ब्रिटनमध्ये त्यांना १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, त्यावर २० टक्के. म्हणजे वर्षाला २,७०० पौंडांच्या आत-बाहेर. स्पेनमध्ये वैयक्तिक सूट ६५ वर्षांवरच्याला ६,७०० युरोंची आणि दर १९, २४, ३० असे पायऱ्यांनी चढतात. प्रांताप्रमाणे थोडंफार बदलतं, जोडप्याने एकत्र विवरण भरलं तर थोडं वाचतं, पण ढोबळमानाने त्यांचा कर दीड पटीच्या पुढे जाईल असं धरा. आठशेतले काही पौंड इथेच गेले.

सगळ्यात मोठा आकडा घराचा आहे, आणि तो पूर्णपणे तारखेवर अवलंबून आहे. हा परिच्छेद यजमानांना वाचायला द्या. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होतं आणि तिथून बाहेर पडताना वर्षाचे दोन भाग करायची सोय आहे. स्पेनमध्ये वर्ष १ जानेवारी ते ३१ डिसेंबर, आणि त्याचे तुकडे होत नाहीत. एका वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की तुम्ही त्या अख्ख्या वर्षाचे करदाते, अगदी १ जानेवारीपासून. आता समजा तुम्ही मार्चमध्ये हॅरोचं घर विकलं आणि एप्रिलमध्ये सामान हलवलं. विक्रीच्या दिवशी तुम्ही इंग्लंडमध्येच होतात, राहत्या घरावर इंग्लंडमध्ये कर शून्य. पण स्पेनच्या लेखी ती विक्री त्यांच्या करदात्याने त्यांच्या वर्षात केली, आणि तीस वर्षांत वाढलेल्या किमतीच्या नफ्यावर ते बोट ठेवू शकतात. दर वरच्या टप्प्यात ३० टक्क्यांपर्यंत जातो. तिथेही सवलती आहेत. राहतं घर विकणाऱ्या ६५ वर्षांवरच्या मालकाला सूट मिळते, पण तुम्ही ६३च्या आहात आणि निम्मं घर तुमच्या नावावर आहे! नव्या राहत्या घरात पैसे घालणाऱ्यालाही सवलत आहे, पण जेवढे घातले तेवढ्याच प्रमाणात. फ्लॅट लहान घेऊन उरलेले पैसे बँकेत ठेवायचे असतील तर ती पूर्ण मिळणार नाही. उलट घर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विकून जानेवारीत गेलात, तर हा सगळा प्रश्नच उद्भवत नाही. तेच घर, तीच किंमत, फरक फक्त कॅलेंडरच्या पानाचा. दोन्ही देशांचा कर कळणाऱ्या सल्लागाराची फी महाग वाटते, पण हा एक मुद्दा ती वसूल करतो.

कोथरूडचा फ्लॅट विसरू नका. स्पेनच्या करदात्याला परदेशातली मालमत्ता मोदेलो ७२० या विवरणात ३१ मार्चपर्यंत जाहीर करावी लागते: बँक खाती, गुंतवणुकी आणि स्थावर असे तीन गट, कुठल्याही गटाची किंमत ५० हजार युरोंच्या वर गेली की तो गट लिहायचा. पूर्वी त्याचे दंड इतके जबर होते की युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवले आणि स्पेनला कायदा बदलावा लागला. दंड सौम्य झाले, पण विवरण अजून भरावंच लागतं. कोथरूडचं भाडंही स्पेनच्या विवरणात दाखवायचं; भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. पुण्याच्या सी.ए.कडून दरवर्षीची कागदपत्रं वेळेवर येतील का, हे तुम्हीच ठरवा. आपल्याकडचं मार्च महिन्यातलं वातावरण तुम्हाला माहीत आहे.

मृत्युपत्राबद्दल थोडं, कारण हेही एकटीच्या हिशेबातलंच आहे. २०१५च्या ऑगस्टपासून युरोपात असा नियम आहे की माणूस जिथे नेहमी राहतो तिथला वारसा कायदा त्याच्या मालमत्तेला लागू होतो, पण मृत्युपत्रात आपल्या राष्ट्रीयत्वाचा कायदा निवडता येतो. निवडला नाही तर स्पेनचा कायदा लागतो, आणि त्यात दोन तृतीयांश हिस्सा मुलांसाठी राखीव असतो. विधवेच्या हक्काचा किमान वाटा म्हणजे एक तृतीयांशाचा उपभोग, मालकी नव्हे. तुमची मुलं चांगली आहेत, ती काही आईला घराबाहेर काढणार नाहीत. पण टोरांटोच्या मुलाची सही, मुखत्यारपत्र, भाषांतर, नोटरी या फेऱ्यांत तुमचं वर्ष जाईल. स्पेनमध्ये नोटरीसमोर मृत्युपत्र करा आणि त्यात इंग्लंडचा कायदा निवडल्याचं स्पष्ट लिहा. ब्रिटनमध्ये नवरा-बायकोत वारसा कर नसतो, स्पेनमध्ये जोडीदारालाही विवरण भरावं लागतं, तेही सहा महिन्यांत. प्रत्यक्ष कर किती हे प्रांतावर आहे. बऱ्याच ठिकाणी जवळच्या नात्याला मोठी सूट मिळते. बँक मात्र मृताचा हिस्सा कागद होईपर्यंत रोखून ठेवते, म्हणून फक्त तुमच्या नावाचं, सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढ्या रकमेचं एक खातं असूच द्या. हे हॅरोला राहिलात तरी करा. खरं तर हे प्रत्येक बाईने करावं, पण तो वेगळ्या सदराचा विषय.

मनाच्या बाजूकडे येते. यजमान म्हणत असतील, "आपण पुण्याहून लंडनला आलो, तिथे जमलं, इथेही जमेल." ऐकायला बरोबर वाटतं. पण तेव्हा तुम्ही २५ वर्षांच्या होतात, भाषा येत होती, आणि पुढे नोकरीने व मुलांच्या शाळेने तुम्हाला माणसं मिळवून दिली. शाळेच्या फाटकापाशी उभं राहून ज्या ओळखी होतात त्या साठीनंतर कुठल्या फाटकापाशी होणार? तोर्रेव्हिएहा आणि शेजारच्या ओरिउएलाच्या किनाऱ्यावर इंग्रजी बोलणारे हजारो निवृत्त लोक आहेत, तिथे कॅफे, क्लब, चर्च, बोलिंग सगळं आहे. त्यात यजमान रमतील, कारण त्यांचा मित्र तिथे आहे. तुमचं कोण आहे, हे पत्रात नाही. हॅरोला तुमचं कोण आहे, हेही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तेच आधी लिहून काढा असं मला सुचवावंसं वाटतं. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळातल्या मैत्रिणी, ईलिंग रोडवरचा भाजीवाला जो मेथीची जुडी बाजूला काढून ठेवतो, दहा मिनिटांवरचा जीपी म्हणजे नेहमीचा डॉक्टर, स्टेट पेन्शनच्या वयाला मिळणारा लंडनच्या फुकट प्रवासाचा फ्रीडम पास. याची किंमत पौंडात मांडता येत नाही म्हणून ती तक्त्यात शून्य धरली गेली आहे.

म्हातारपणी अंथरुणाला खिळलं तर स्पेनमध्ये काय, हेही विचारून घ्या. तिथे २००६चा एक चांगला कायदा आहे, परावलंबी माणसाला सरकारी मदत देणारा. पण तिचा हक्क मिळायला स्पेनमध्ये पाच वर्षं वास्तव्य लागतं, त्यातली दोन अर्जाच्या लगेच आधीची. बाकी सारी व्यवस्था कुटुंब जवळ आहे असं धरून चालते. इस्पितळात आजाऱ्यापाशी घरचं माणूस बसलेलं असणं तिथे आपल्यासारखंच स्वाभाविक मानतात. तुमचं घरचं माणूस मँचेस्टरला.

मुलीच्या पर्यायाबद्दल. पुणे तिला स्वस्त वाटतं, पण एक गोष्ट तिला माहीत नसावी. ब्रिटनची स्टेट पेन्शन युरोपात राहिलात तर दरवर्षी वाढते, भारतात कायमच्या राहायला गेलात तर जाताना असलेल्या आकड्यावर गोठते. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. ती घेऊन कोथरूडला गेलेला माणूस वीस वर्षांनीही २३०.२५च घेत असेल, आणि तोवर वरणभाताचा भाव काय झाला असेल हे मी सांगायला नको. पुण्याला जायला इतर कारणं असू शकतात, बहीण-भाऊ, भाषा, घरकामाला मिळणारी माणसं. स्वस्ताई हे कारण मात्र दिसतं तेवढं भक्कम नाही.

आणि 'सहा महिने स्पेन, सहा महिने पुणे' असा मधला मार्ग घरात कुणी काढेलच, तर आधीच सांगून ठेवते. दीर्घकालीन निवासासाठी पाच वर्षांत मिळून दहा महिन्यांहून जास्त बाहेर राहून चालत नाही. एस-वनचं भारतात काही चालत नाही. तेव्हा तोही विचार पाच वर्षांनंतरचा.

मग यजमानांचं स्वप्न? तुम्ही ते मोडताय असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं त्यांनाही ते नेमकं कसलं आहे हे तपासून बघायचंय. मे महिन्यातले दिवस, मित्राची गच्ची, तळलेले मासे. कुणालाही वाटेल इथेच राहावं. कदाचित त्यांना हॅरोतल्या नोव्हेंबरचा कंटाळा आला असेल, नोकरी सुटल्यावर हाताला काम नसेल, किंवा पैसे पुरतील की नाही याची भीती असेल. तिन्हीला वेगवेगळी उत्तरं आहेत आणि त्यातल्या दोनांसाठी घर विकावं लागत नाही. "तुम्हाला तिथलं काय आवडलं?" असं विचारा आणि मध्ये न बोलता ऐका.

ब्रिटिश पासपोर्टवर स्पेनसकट युरोपातल्या शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहरा घेऊन यंत्रच दिवस मोजायला लागलं आहे, त्यामुळे एखादा दिवस इकडेतिकडे चालेल या भरवशावर राहू नका. ते ९० दिवस वापरा, पण मे महिन्यात नव्हे. जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत जा. तिथली किनाऱ्यावरची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात. फरशी गार, मध्यवर्ती हीटिंग बहुतेक ठिकाणी नाही, बाहेर ऊन आणि घरात स्वेटर असा प्रकार. ब्रिटिश सरकारने तर २०१५ साली स्पेनला 'उबदार देश' ठरवून तिथल्या पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता बंद केला होता. त्या फरशीवर अनवाणी उभं राहून तो निर्णय कुणी घेतला नसावा. मित्राच्या घरी उतरू नका. गावात घर भाड्याने घ्या. गावाबाहेरच्या वसाहती हिवाळ्यात निम्म्या रिकाम्या असतात आणि दूध आणायलाही गाडी लागते. त्यातला एक आठवडा तुम्ही एकटीने सगळं करून बघा: औषधांचं दुकान, बाजार, बस, आरोग्यकेंद्राचा पत्ता शोधणं. यजमानांनी तेवढे दिवस हॅरोला परत यावं. जाण्याआधी स्पॅनिशचा एक वर्ग लावा, दोघांनीही.

तेवढ्या काळात हॅरोचं घर भाड्याने देऊ नका, कुलूप लावा आणि विमा कंपनीला कळवा. महिना-दोन महिन्यांहून जास्त रिकामं राहिलं तर बऱ्याच पॉलिसींचं संरक्षण कमी होतं. पुढे खरोखर जायचं ठरलं तरी पहिली दोन-तीन वर्षं विकण्याऐवजी भाड्याने द्यायचा विचार जरूर करा, भाडं दोन्ही देशांत दाखवावं लागलं तरी. मात्र इंग्लंडच्या भाडेकायद्यात १ मे २०२६ पासून नवे नियम आहेत: स्वतः राहायला घर परत हवं असेल तर चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि करारानंतरच्या पहिल्या वर्षात ते घर परत घेता येत नाही. म्हणजे परतीचा रस्ता उघडा राहील, पण लगेचचा नाही. लंडनचं घर एकदा विकलं की पुन्हा त्याच भागात घेणं अवघड, म्हणून हा वळसा मला परवडणारा वाटतो.

आणि तरीही तिथे घर घ्यायचंच ठरलं, तर दलालाने सुचवलेला वकील घेऊ नका, स्वतः शोधा. मालमत्ता नोंदणीतला उतारा आणि बांधकामाचे परवाने त्याच्याकडून तपासून घ्या. अल्मेरिया प्रांतात वेरा इथे २००८ साली एका ब्रिटिश जोडप्याचं घर, त्यांनी रीतसर परवाना मिळालाय असं समजून बांधलेलं, सरकारने पाडलं होतं. पूररेषाही बघा, सप्टेंबर २०१९ मध्ये ओरिउएलाच्या सखल भागात पाणी शिरलं होतं. खरेदीच्या किमतीवर कर, नोटरी, वकील मिळून दहा-बारा टक्के आणखी लागतील. स्पेनचे निवासी झाल्यावर सहा महिन्यांत ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स बदलून घ्यावं लागतं. २०२३च्या करारामुळे परीक्षा द्यावी लागत नाही.

तक्ता उघडायचं काम मात्र या रविवारीच करा, आणि जानेवारीच्या घरासाठी सप्टेंबरपासून शोध सुरू करा. हिवाळ्यात तिथली घरं महिन्याच्या बोलीवर, उन्हाळ्याच्या मानाने बऱ्याच कमी भाड्यात मिळतात. चौकशी करताना पहिला प्रश्न हीटिंगचा विचारा.